लॉगिनच्या पडद्यावर वायरलेस कीबोर्ड चालत नाही, बाबा रोज सकाळी अडकून बसतात

शनिपाराजवळची
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. प्रश्न कीबोर्डचा आहे, पण जरा सविस्तर लिहिते. काय काय करून झालंय ते आधी सांगितलं नाही तर तेच उपाय पुन्हा सुचवले जातील.

संगणक माझ्या बाबांचा. वय ७६. नोकरीत असताना मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, त्यामुळे बोटं अजून सरावाची आहेत. निवृत्तीनंतर ते मोडी शिकले आणि आता जुन्या मोडी कागदांचं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिप्यंतर करतात. पहाटे उठून, चहा घेऊन साडेसहाला टेबलापाशी बसतात, कारण त्या वेळी खिडकीतून उजेड चांगला येतो आणि डोळे ताजे असतात. दहानंतर डोळ्यांतून पाणी यायला लागतं. म्हणजे दिवसातले कामाचे तास एवढेच, साडेतीन.

टेबल लहान आहे. डावीकडे कागदांच्या छायाप्रती, त्यावर स्टँडचं भिंग, समोर कीबोर्ड. जुन्या कीबोर्डची वायर सारखी त्या स्टँडमध्ये गुंतायची. एकदा अशीच ओढली गेली आणि भिंग फरशीवर पडून फुटलं. म्हणून मी तपकीर गल्लीत जाऊन वायरलेस कीबोर्ड आणला. ब्लूटूथवाला नाही, सोबत यूएसबीत लावायचा नखाएवढा डोंगल मिळतो तो. माउस जुनाच, वायरचा.

आता त्रास असा. सकाळी संगणक सुरू केला की पिन विचारणारा चौकोन येतो. आत कर्सर लुकलुकत असतो, पण कीबोर्डवरून एकही अंक उमटत नाही. एक ठिपकासुद्धा नाही. माउस व्यवस्थित चालतो. सीपीयूच्या मागे हात घालून डोंगल काढला आणि परत लावला की कीबोर्ड त्याच क्षणी सुरू होतो, आणि मग रात्रीपर्यंत चालतो. (मधूनमधून अक्षरं गळतात, पण ते वेगळं.)

पण सीपीयू टेबलाखाली आहे आणि बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. त्यांना खाली बसता येत नाही. माझी हिंजवडीची कॅब पहाटे साडेपाचला येते, त्यामुळे त्या वेळी घरात दुसरं कोणी नसतं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत फोन केला तर म्हणाले, "अगं, आज नाही जमलं. वाचत बसलो होतो." एवढंच. तक्रार नाही केली. पण सकाळचा उजेड गेला म्हणजे त्यांचा दिवस गेला हे मला माहीत आहे, आणि तो कीबोर्ड मीच आणलेला. फार लागलं मनाला.

करून झालेले उपाय: पेन्सिल सेल नवे घातले, दोनदा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कीबोर्ड अनइन्स्टॉल करून परत लावला. यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी बंद करायची जी परवानगी असते, तिची खूण काढली. मागचं दुसरं पोर्ट वापरून बघितलं. दुकानदाराने कीबोर्डही बदलून दिला, नव्यालाही तेच. म्हणजे नगात दोष नसावा. संगणक असेंबल केलेला, सात-आठ वर्षांचा, विंडोज १०, आत एसएसडी (वेगवान डिस्क).

एक विनंती. पिनच काढून टाका, थेट डेस्कटॉप येऊ दे, असं कृपया सुचवू नका. एका घराण्याने आपले घरगुती कागद विश्वासाने बाबांकडे दिलेत. त्यात वाटण्या आहेत, कर्जं आहेत, भाऊबंदकीतल्या गोष्टी आहेत. ते उघडे ठेवायचे नाहीत हे बाबांनी पहिल्या दिवशीच ठरवलंय आणि मला ते पटतं.


नवी_सांगवी
रविवार, रात्री १०.२५

ताई, दोन शक्यता आधी बाजूला काढू.

उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून ठेवली की विंडोजमध्ये फिल्टर कीज नावाची सोय सुरू होते. मग पटकन दाबलेली कळ संगणक मोजतच नाही, दाबून धरावी लागते. वयस्कर माणसाचा हात कळेवर विसावला की हे नकळत होतं, आणि आपल्याला वाटतं कीबोर्ड मेला. पुढच्या वेळी अडकलं की एखादा अंक दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगा. उमटला तर हेच.

दुसरं भाषेचं. लॉगिनला कीबोर्ड मराठीवर असला तर पासवर्ड चुकतो. पण तुम्ही म्हणताय एकही ठिपका येत नाही, म्हणजे हे नसणार. भाषा चुकली तरी ठिपके येतात.

आणि आजची सोय म्हणून एक सांगतो. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली पॉवरच्या चिन्हाशेजारी माणसाच्या किंवा घड्याळाच्या तबकडीसारखं एक चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं की यादीत ऑन-स्क्रीन कीबोर्ड असतो. माउस चालतोय ना? मग काका माउसनेच पिन टाकू शकतील. वाकायला नको.


शनिपाराजवळची
सोमवार, रात्री ८.१५

मनापासून आभार. रात्रीच बाबांना ते चिन्ह दाखवून ठेवलं होतं. सकाळी त्यांनी एकट्यांनी केलं. हात थोडा कापतो, त्यामुळे दोनदा चुकीच्या अंकावर क्लिक झालं, तिसऱ्यांदा आत गेले.

पण आत गेल्यावरही कीबोर्ड तसाच मुका! लेखनाची फाइल उघडली, भिंग लावलं, आणि टाइप काहीच होईना. पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर टिपत त्यांनी पाऊण तासात चार ओळी केल्या. मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाजात आनंद होता, चार ओळी झाल्या म्हणून.

कळ दाबून धरून बघितली. काही नाही. फिल्टर कीज बंदच आहे.


दुरुस्तीवाला_कर्वेनगर
सोमवार, रात्री ११.०५

ताई, मी वीसेक वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे जरा रीतीने जाऊ.

तुमच्या आजच्या लिहिण्यात सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही की आत गेल्यावरही कीबोर्ड चालत नाही. म्हणजे दोष लॉगिनच्या पडद्यात नाही. कीबोर्ड सुरुवातीपासूनच तुटलेला आहे, लॉगिनला तो पहिल्यांदा लागतो म्हणून तिथे कळतं. गिऱ्हाईक नेहमी जिथे अडलं ती जागा सांगतं. बिघाड बहुतेक वेळा त्याच्या अलीकडे असतो.

डोंगलचा कीबोर्ड आणि ब्लूटूथचा कीबोर्ड यांत मोठा फरक आहे. डोंगल संगणकाला सांगतो की मी साधा यूएसबी कीबोर्ड आहे. मधली रेडिओची भानगड तो स्वतःच्या पोटात ठेवतो. म्हणून विंडोज येण्याआधी, बायोसमध्येसुद्धा (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालतो तो मूळ प्रोग्राम), असा कीबोर्ड चालायला हवा. ब्लूटूथवाल्याची गोष्ट निराळी.

तर तीन गोष्टी करा.

पहिली, रविवारी तुम्ही घरी असताना रात्रभर बंद असलेला संगणक सुरू करा आणि लगेच डिलीट किंवा एफ-२ टिपत राहा. ह्याच कीबोर्डने. बायोसचा पडदा उघडला तर कीबोर्ड, सेल, डोंगल, पोर्ट सगळं ठणठणीत आहे आणि गडबड विंडोज ताबा घेतं तेव्हा होते.

दुसरी त्याहून सोपी, काकाच करू शकतील. सकाळी अडकलं की पॉवरच्या चिन्हावर माउसने क्लिक करून रीस्टार्ट करा. शट डाउन नाही, रीस्टार्ट. परत सुरू झाल्यावर कीबोर्ड चालतो का बघा.

तिसरी, वही घ्या. कुठल्या दिवशी चालला नाही ते तर लिहाच, पण कुठल्या दिवशी चालला तेही लिहा, आणि आदल्या रात्री काय वेगळं झालं होतं ते. एखाद्या दिवशी आपोआप चालतो का? तुम्ही ते लिहिलं नाहीये.

आणि ती अक्षरं गळण्याची तक्रार कंसात टाकली आहेत ती मला कंसातली वाटत नाही. डोंगल मागच्या निळ्या पोर्टात आहे का?


शनिपाराजवळची
मंगळवार, रात्री ८.३०

रीस्टार्टने चालतो! बाबांनी सकाळी केलं. रीस्टार्ट झाल्यावर पिन पहिल्या फटक्यात टाकली आणि पावणेसातला काम सुरू. दादा, तुम्हाला कल्पना नाही आज घरात काय वाटलं ते.

डोंगल हो, मागच्या निळ्या पोर्टात आहे. आधी शेजारच्या निळ्यात होता.

अक्षरांचं सांगते. गळतात ती सहसा काना-वेलांट्यांची असतात. इतर कोणाला ही बारीक गोष्ट वाटेल, पण लिप्यंतरात ती बारीक नाही. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, एक शिरोरेघ आधी पानभर ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घही पाळलेलं नसतं. त्यामुळे वाचणाऱ्याने नावं फार जपून उतरवावी लागतात. गेल्या महिन्यात एका यादीत "रामा" टाइप करताना काना गळला आणि रामाची रमा झाली. पुरुषाची बाई. ती यादी देणेकऱ्यांची होती. बाबांनी परत मूळ कागदाशी ताडून बघितलं तेव्हा सापडलं. त्यांना वाटलं आपलीच नजर चुकली, आणि दोन दिवस ते फार गप्प होते. कीबोर्ड अक्षर खातो आहे हे मला नंतर माझ्या डोळ्यांनी दिसलं. मी भराभर टाइप केलं तेव्हा ओळीत दोन अक्षरं आलीच नाहीत.

वही कालपासूनच सुरू केली आहे. बाबांनी आखून घेतली आहे.


दुरुस्तीवाला_कर्वेनगर
मंगळवार, रात्री १०.५०

काकांना माझा निरोप द्या, नजर त्यांची चुकलेली नाही.

निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३. ह्या पोर्टातून माहिती जाताना जो विद्युत गोंगाट होतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि तुमचा कीबोर्ड नेमका त्याच पट्ट्यावर बोलतो. इंटेलने २०१२ साली ह्यावर एक तांत्रिक टिपणच काढलं होतं. त्यात डोंगल पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून. कीबोर्ड टेबलावर. मध्ये पत्रा, लाकूड आणि काकांचे गुडघे. शेजारच्या पोर्टात पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क चालू असली तर बघायलाच नको.

यूएसबीची एक्स्टेंशन वायर आणा, मीटरभर पुरे. ती पुढच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या, पोर्टात लावा, दुसरं टोक टेबलावर आणा आणि डोंगल त्यात बसवून भिंगाच्या स्टँडपासून लांब, मॉनिटरच्या पायाशी चिकटवून टाका. वायर एकदा बसवली की हलायची नाही, भिंगाला धोका नाही. अक्षरं गळायची थांबतील. शिवाय डोंगल हाताशी येईल, काढून लावायचा झाला तरी वाकायला नको.

सकाळचा दोष मात्र ह्याने जाणार नाही असं माझं मत. ते दोन वेगळे आजार आहेत. रीस्टार्टने चालतो ह्यावरून मला दिशा कळली आहे, पण वहीची वाट बघतो.


औंधकर
बुधवार, सकाळी ७.२०

मधे बोलतो, कारण हाच धागा वाचून कोणीतरी ब्लूटूथ कीबोर्ड घेऊन येईल.

ब्लूटूथवाला असेल तर वरचं बरंच लागू होत नाही. ब्लूटूथ कीबोर्डला बोलायला समोर चालू प्रणाली लागते. ती उठायच्या आधीच्या पडद्यांवर, म्हणजे बायोसमध्ये किंवा डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिचा परवलीचा शब्द विचारला जातो तिथे, सहसा तो चालत नाही. तिथे वायरचा किंवा डोंगलचाच हवा. मी लिनक्स वापरतो. माझ्याकडे लॉगिनच्या पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्ड मुका असायचा, कारण ब्लूटूथचा रेडिओ सुरू करायचं काम डेस्कटॉपवरचा छोटा प्रोग्राम करत होता, आणि तो लॉगिन झाल्यावरच सुरू व्हायचा. दार उघडायची किल्ली घराच्या आत. ब्लूझच्या (लिनक्सवर ब्लूटूथ सांभाळणारा प्रोग्राम) मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पॉलिसी ह्या भागात ऑटोएनेबल ट्रू केलं, कीबोर्डला ब्लूटूथसीटीएल ह्या कमांडमधून ट्रस्ट दिला, आणि प्रश्न सुटला. नुसतं पेअर करून भागत नाही, ट्रस्टही द्यावा लागतो.

शनिपारवाल्या ताई, तुमचं वेगळं आहे, तुम्ही कर्वेनगरवाल्यांचंच ऐका. बाबांना नमस्कार सांगा. आमच्या आजोबांच्या पेटीत मोडी कागद आहेत, घरात कोणाला एक ओळ लागत नाही.


शनिपाराजवळची
रविवार, दुपारी १.१०

उशीर झाला, पण आज सगळं एकदम सांगता येईल.

एक्स्टेंशन वायर बुधवारीच आणली. डोंगल मॉनिटरच्या पायाशी बसवला. त्यानंतर बाबांनी चौदा पानं टाइप केली आणि मी एकेक पान ताडून पाहिलं. एकही काना गळलेला नाही. एकही नाही. बाबांना तुमचा निरोप वाचून दाखवला. "नजर चुकलेली नाही" हे वाक्य त्यांनी मला परत वाचायला लावलं.

आज सकाळी बायोसही करून पाहिलं. डिलीट टिपत राहिले, पडदा उघडला, बाणांच्या कळा चालल्या. बाहेर पडून विंडोज येऊ दिलं, पिनच्या चौकोनात परत मुका.

आता वही. बाबांच्या अक्षरात आहे तशी उतरवते:

"सोम. नाही. मंगळ. नाही, रीस्टार्टने चालला. बुध. नाही, रीस्टार्ट. गुरु. सकाळपासून वीज नव्हती. संध्याकाळी ५.४० ला लावला, पहिल्या फटक्यात चालला. शुक्र. नाही, रीस्टार्ट. शनि. चालला. कारण?"

त्या "कारण?" खाली दोन रेघा मारल्या आहेत. काल दिवसभर ते त्याच विचारात होते. मला म्हणाले, मोडी वाचताना एखादं अक्षर लागत नसलं की त्याच्याकडे टक लावून बसायचं नाही. तेच अक्षर, त्याच लेखकाचं, दुसऱ्या कुठल्या ओळीत लागतंय तिथे जायचं आणि बघायचं की तिथे काय वेगळं आहे. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. शुक्रवारी रात्री ह्या खोलीत कोण आलं होतं? काय काय हललं? आणि सापडलं. शुक्रवारी रात्री मी संगणक लावलेल्याच विजेच्या बोर्डावर इस्त्री लावली होती. इस्त्री झाल्यावर सवयीने बोर्डाचं मुख्य बटण बंद केलं. एरवी ते कधीच बंद होत नाही, कारण त्याच बोर्डावर इंटरनेटचा राउटर आहे. बाबा रात्री विंडोजमधून शट डाउन करतात आणि बटण तसंच चालू राहतं.

म्हणजे गुरुवारी वीज गेलेली, शनिवारी आदल्या रात्री बटण बंद. दोन्ही वेळा भिंतीतून वीज पूर्ण तुटली होती, आणि दोन्ही वेळा कीबोर्ड चालला. बाबा म्हणतात, ह्यापुढचं कर्वेनगरकरांना विचार.


दुरुस्तीवाला_कर्वेनगर
रविवार, दुपारी ३.३०

ताई, काकांनी निदान केलंय. मला फक्त नाव सांगायचं राहिलं.

आज रात्री शट डाउन झाल्यावर खोलीतला दिवा मालवा आणि तो जुना माउस उलटा करून बघा. खाली लाल दिवा लागलेला असेल. संगणक बंद, पण यूएसबीच्या पोर्टांत पाच व्होल्ट येतच असतात, बोर्डाचं बटण चालू असेपर्यंत. पॉवर सप्लाय हा स्टँडबायचा प्रवाह सोडतच राहतो. म्हणजे तुमचा डोंगल रात्रभर जागा असतो, त्याला संगणक बंद झाला हे कळतच नाही.

आता विंडोजची बाजू. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असली की शट डाउन म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचं लॉगिन बंद होतं, उघड्या फाइली बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्राम) जसे होते तसे डिस्कवर एका फाइलीत साठवले जातात. सकाळी तीच फाइल उचलून परत मेमरीत ठेवली जाते. त्यामुळे लवकर सुरू होतो. रीस्टार्टमध्ये मात्र असं होत नाही, तिथे सगळं मुळापासून नव्याने उभं राहतं. लोकांना उलटं वाटतं, की शट डाउन जास्त पक्कं. तसं नाही.

तर सकाळी काय होतं बघा. विंडोज कालची आठवण घेऊन उठतं. डोंगलही रात्रभर न विझता कालच्याच अवस्थेत बसलेला. दोघांचं जमत नाही. काही डोंगल जमवून घेतात, तुमचा घेत नाही. आता दोघांपैकी एकाची आठवण पुसली की पुरतं. रीस्टार्ट केलं की विंडोजची पुसली जाते. बोर्डाचं बटण बंद केलं, किंवा गुरुवारी लाइट गेली, की डोंगलची. तुम्ही हाताने डोंगल काढून लावत होतात तेव्हाही तेच होत होतं. तुमच्या घरातली प्रत्येक घटना ह्यात बसते, एकही बाहेर राहत नाही. म्हणून मला खात्री आहे.

तरी आधी पडताळा घ्या. आज रात्री शट डाउनवर क्लिक करताना शिफ्ट कळ दाबून ठेवा. त्याने एकदाच पूर्ण बंद होतो. बोर्डाचं बटण चालूच ठेवा, नाहीतर परीक्षा फसेल. उद्या सकाळी रीस्टार्टशिवाय चालला तर कायमचं असं करायचं: कंट्रोल पॅनेल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा. डावीकडे "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" असं लिहिलेलं असतं, तिथे क्लिक करा. खालचे पर्याय करडे दिसतील, हात लावू देणार नाहीत. वरच्या "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" वर क्लिक केलं की मोकळे होतात. त्यासाठी ॲडमिनचं खातं लागतं. मग "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" समोरची खूण काढा आणि सेव्ह चेंजेस दाबा. हे शेवटचं विसरू नका, अर्धे लोक खिडकी तशीच बंद करतात आणि मला फोन करतात.

सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. एसएसडी आहे, त्यामुळे फरक काही सेकंदांचा.

दुसरा रस्ता बायोसमधून आहे. पुष्कळ मदरबोर्डांवर ईआरपी नावाचा पर्याय असतो, तो चालू केला की बंद अवस्थेत यूएसबीची वीज तुटते. पण पहिल्यानेच भागत असेल तर बायोसला हात लावू नका.

रोज रात्री बटण बंद करणं हाही उपायच होता, पण मग राउटर हलवावा लागला असता, आणि एक दिवस विसरलं की काका परत अडकले.


शनिपाराजवळची
पुढचा रविवार, सकाळी ९.१५

रविवारी रात्री दिवा मालवून मी आणि बाबा दोघांनी माउस उलटा केला. लाल उजेड. बाबा बराच वेळ तो हातात धरून बसले होते. इतकी वर्षं तो माउस वापरला, पण रात्री कधी उलटा करून पाहिला नव्हता.

शिफ्ट धरून शट डाउन केलं. सोमवारी सकाळी सहा बत्तीसला, मी कॅबमध्ये असताना, बाबांचा फोन आला. त्यांनी एकच शब्द सांगितला, "चालला." संध्याकाळी येऊन ती खूण काढली, सेव्ह केलं. त्यानंतर वहीत सहा दिवस सलग "चालला" आहे. गुरुवारीसुद्धा, आणि त्या दिवशी वीज गेलीच नव्हती. सुरू व्हायला आधीपेक्षा दहाएक सेकंद जास्त लागतात, तेवढ्यात बाबा भिंगाची काच पुसून घेतात.

नवी सांगवीवाल्या दादांनी दाखवलेलं ते कोपऱ्यातलं चिन्ह बाबांनी कागदावर काढून मॉनिटरला चिकटवलं आहे, कधी लागलंच तर म्हणून.

औंधकर, बाबांनी विचारलंय की आजोबांच्या पेटीतल्या कागदांचे चांगल्या उजेडात फोटो काढून दाखवता येतील का. घडीवर ताण देऊ नका, तुटतात. जोरात उलगडायचे नाहीत, आणि चिकटपट्टी तर अजिबात लावायची नाही. कागद कोणाबद्दल आहेत एवढं जरी कळलं तरी तुमच्या घरच्यांना बरं वाटेल, असं ते म्हणाले.

एक शेवटचं विचारते. जुना वायरचा कीबोर्ड अजून माळ्यावर आहे. देऊन टाकू का?


दुरुस्तीवाला_कर्वेनगर
रविवार, सकाळी १०.००

देऊ नका. माळ्यावरून काढून टेबलाच्या खणात ठेवा, काकांचा हात पोचेल असा. पुढचं दुसरं काळं पोर्ट त्याच्यासाठी मोकळं सोडा. सेल संपतात ते नेमके पहाटेच. आणि विंडोजचं मोठं अपडेट झालं की ती फास्ट स्टार्टअपची खूण परत आली नाही ना, एवढं बघत जा.